वाचक विचारतात: सॉस म्हणायचं की ग्रेव्ही?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. शेजारचं कुटुंब मूळचं इटालियन. पास्त्यावरच्या लाल सॉसला त्या घरातल्या आजी ‘ग्रेव्ही’ म्हणतात. सॉस म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यांचा जावईही इटालियन वंशाचाच, पण तो सॉस म्हणतो. बरोबर कोण?

उत्तर: दोघंही. ‘ग्रेव्ही’ हा शब्द इटलीतला नाही, तो अमेरिकेतल्या इटालियन वस्त्यांचा. दक्षिण फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, न्यूयॉर्कचा काही भाग, बॉस्टनचा नॉर्थ एंड इथे तो जास्त ऐकू येतो. 1880 ते 1924 या काळात सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत आले, त्यातले बहुतेक नेपल्स, कालाब्रिया, सिसिली अशा दक्षिण भागातले. त्यांच्या बोलीत पास्त्यावर घालायच्या रसाला ‘सूगो’ म्हणत आणि मांस भाजताना सुटणाऱ्या रसालाही सूगोच. मांसाचा रस म्हणजे इंग्रजीत ग्रेव्ही. तोच शब्द पुढे पास्त्यावरच्या रसालाही लागला असावा. अशा घरांत पास्त्याला पास्ता न म्हणता ‘मॅकरोनी’ म्हणतात, मग आकार कुठलाही असो.

बऱ्याच घरांत एक फरक मात्र कसोशीने पाळतात: पातेल्यात मांस शिजलं तर ग्रेव्ही, नुसता टोमॅटो असेल तर सॉस. आजींच्या पातेल्यात एकदा डोकावून बघा, निम्मं भांडण तिथेच मिटेल.

खुद्द इटलीत ‘साल्सा’, ‘सूगो’ आणि ‘रागू’ असे तीन शब्द आहेत. टोमॅटोची साधी साल्सा असते, तशी हिरव्या पाल्याची वाटलेलीही असते. सूगो म्हणजे शिजवून पास्त्यात कालवायचं ते. मांस घालून तासन्‌तास शिजवलेला तो रागू. हा शब्द फ्रेंचमधून आला. तरीही टस्कनीत नुसतं ‘सूगो’ म्हटलं की बहुधा खिम्याचाच समजतात. आपल्याकडे कालवण कशाला म्हणायचं आणि रस्सा कशाला, याचा निवाडा एका वाक्यात होतो का? तसंच हे.

प्रश्न: इटालियन-अमेरिकन घरांत रविवारी करतात ती मांसाची ग्रेव्ही घरी करून पाहिली. सगळं मांस एकदमच घालून तीन तास शिजवली, पण खाली लागली आणि मीटबॉल फुटले. इटालियन सॉसेज मिळालं नाही म्हणून गोव्याचा चोरीस घातला, तर सगळ्याला आंबट-तिखट चव आली. काय चुकलं?

उत्तर: सगळं मांस एकदम घातलंत, हे पहिलं. आठ माणसांसाठी हाडासकट पोर्कच्या फासळ्या 500 ग्रॅम, सॉसेज 500 ग्रॅम, मीटबॉलसाठी खिमा 500 ग्रॅम आणि सोललेले डबाबंद टोमॅटो दीड किलो घ्या. जाड बुडाच्या रुंद पातेल्यात फासळ्या चांगल्या तांबूस परतून बाहेर काढा. त्याच चरबीत एक मोठा कांदा मऊ करा, टोमॅटो पेस्ट 2 मोठे चमचे घालून रंग गडद होईपर्यंत परता, मग अर्धा पेला रेड वाइन घालून ती आटवा. आता हाताने कुस्करलेले टोमॅटो आणि फासळ्या. सॉसेज शेवटच्या तासात, मीटबॉल शेवटच्या पाऊण तासात. ते आधी तेलात सगळीकडून परतलेले हवेत आणि सोडल्यावर वीस मिनिटं डाव लावायचा नाही. खिम्यात दुधात भिजवून पिळलेला पाव आणि एक अंडं असेल तर ते फुटत नाहीत, दगडही होत नाहीत.

आच किती? नेपल्सच्या बोलीत त्यासाठी ‘पिप्पियारे’ असं खास क्रियापद आहे: पृष्ठभागावर एखादाच बुडबुडा यावा, ‘पिप्’ करून फुटावा, थोड्या वेळाने दुसरा. झाकण पूर्ण लावायचं नाही, काठावर लाकडी चमचा आडवा ठेवून त्यावर टेकवायचं. वाफ जाते, रस आटतो. बुडाला लागतो तो टोमॅटोचा गर, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी तळापासून हलवा. लागलाच तर खरवडू नका; वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता.

चोरीसमध्ये व्हिनेगर आणि लाल मिरची भरपूर असते. ती पातेलंभर उतरणारच. त्यापेक्षा पोर्कच्या खिम्यात भरड बडीशेप एक चमचा, मीठ, मिरी आणि लसूण घालून लांबट वळा. अमेरिकेतल्या इटालियन सॉसेजची ओळख बडीशेपच आहे. पोर्क नको असेल तर हाडासकट मटण घ्या. इटलीतल्या आब्रुत्सो प्रांतात मेंढीच्या मांसाचा रागू करतातच, त्यामुळे ही काही तडजोड नव्हे.

वाढताना आधी रसात कालवलेला पास्ता, मांस नंतर वेगळ्या ताटात. ताटलीत उरलेला रस पावाने पुसून खायचा. त्याला ‘स्कार्पेत्ता’, म्हणजे छोटा बूट, म्हणतात.

प्रश्न: बोलोन्येज, म्हणजे खिम्याचा रागू, कुकरमध्ये केलं, चार शिट्ट्या. पाणचट का झालं?

उत्तर: कुकरमधून पाणी जवळजवळ उडत नाही आणि रागूचा सगळा खेळ पाणी उडण्यावरच आहे. त्यातून बहुतेक जण टोमॅटोही जास्त घालतात. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या वाणिज्य मंडळात 1982 साली या पदार्थाची पाककृती अधिकृतपणे नोंदवली गेली आणि 2023 मध्ये ती सुधारली. सुधारित कृतीत 400 ग्रॅम बीफ आणि 150 ग्रॅम ताजा पांचेत्ता, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस, यांना टोमॅटोचा गाळलेला गर फक्त 200 ग्रॅम आहे. खिमा चांगल्या तापलेल्या भांड्यात थोडा थोडा टाका. चर्र आवाज थांबला की खिम्याला पाणी सुटलं समजा. आंबटपणा मारायला दूध घालतात, तेही थोडं थोडं. निदान दोन तास मंद आच. आणि बोलोन्यात हे ताल्यातेल्ले नावाच्या चपट्या, अंड्याच्या पास्त्याबरोबर खातात, स्पॅगेटीबरोबर नव्हे. गुळगुळीत स्पॅगेटीवरून खिमा घसरून तळाशी बसतो.

प्रश्न: कृतीत ‘टोमॅटो सॉस’ लिहिलं होतं म्हणून बाटलीतला घातला. गोड झालं.

उत्तर: तो केचप. त्यात साखर आणि व्हिनेगर असतं. इटालियन कृतीत साधी, बिनमसाल्याची टोमॅटो प्युरी घाला.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. नुसत्या टोमॅटोचा सॉस तीन तास शिजवला तर काळपट आणि कडसर लागला.

उत्तर: तीन तास लागतात ते हाडाजवळचं मांस मऊ व्हायला. नुसत्या टोमॅटोला 25 मिनिटं पुरतात. एक किलो लांबट, गरदार टोमॅटो सोलून बिया काढा. लसूण तेलात फिकट सोनेरी होताच टोमॅटो घाला, कारण लसूण करपला की कडवटपणा तिथेच येतो. शेवटी तुळशीच्या कुळातल्या बेसिलची पानं. आपली तुळस नको, ती फार उग्र. पास्ता दोन मिनिटं कच्चा असतानाच सॉसमध्ये टाका, वर त्याचंच पिठाळ पाणी अर्धी वाटी. पास्ता उकळताना तेल घालू नका आणि गाळल्यावर धुऊ नका, नाहीतर सॉस त्याला चिकटणार नाही.