ताई, पोलिसांत नाव जाईल का?

"ताई, आधी एक सांगा. इथे नाव लिहिलं की ते पोलिसांत जातं का?"

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मावशींनी हे विचारलं. मुलगा काय घेतो, कधीपासून, ते सगळं नंतर. मग पर्समधून रुमालाची घडी काढून त्यांनी टेबलावर उलगडली. आत अंगठ्याच्या नखाएवढी प्लास्टिकची पिशवी होती, रिकामी. मुलाच्या जीन्सच्या चोरखिशात सापडलेली. पावडर त्यांनी संडासात टाकून दोन बादल्या पाणी ओतलं होतं. पिशवी मात्र "डॉक्टरांना दाखवायला" म्हणून चार दिवस तांदळाच्या डब्यात लपवली. कळव्याहून लोकलने येताना पर्स छातीशी धरलेली. "स्टेशनवर पोलीस दिसला आणि पाय लटपटायला लागले हो."

(घरातले तपशील मी बदलले आहेत. भीती बदलायची गरज नव्हती, ती सगळ्यांची सारखीच असते.)

मुलगा 22 वर्षांचा. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, नशेची पावडर. दोन-दोन रात्री जागा, मग दिवसभर मेल्यासारखी झोप. दातांवर दात दाबून जबडा दुखायचा. खिडकीखाली कोण उभं आहे, हे आईला दहा वेळा बघायला लावायचा.

वडील एसटीत कंडक्टर. पुढच्या आठवड्यात ते आले, तर त्यांचं म्हणणं नेमकं उलटं. "ओळखीचा हवालदार आहे. एक रात्र आत बसला की सुतासारखा सरळ होईल." एकाच घरात एकाला पोलिसांची धास्ती, दुसऱ्याला पोलिसांचाच भरवसा!

काकांना म्हटलं, ती एक रात्र नसते, ती केस असते. नोकरीच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी ती पुन्हा समोर येते. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात नुसतं सेवन हाही गुन्हा आहे, कलम 27. एमडी 2015 साली या कायद्याखाली आलं. 2 ग्रॅमपर्यंत 'अल्प' प्रमाण, आणि 50 ग्रॅमच्या वर गेलं की किमान 10 वर्षं.

मावशींसाठी मात्र दुसरी बाजू होती. उपचाराला आलं म्हणून कुणावर गुन्हा नोंदवत नाहीत. दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून येणारे त्रास 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजारातच धरले आहेत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल, असे मोजके अपवाद सोडून. आणि एनडीपीएसमध्येच कलम 64-ए आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेता येते. कॉलेजांतल्या पोस्टरवर मी बेड्या नेहमी बघते, हे कलम अजून एकदाही पाहिलेलं नाही. याचा मला राग आहे. ज्याने लवकर यावं असं आपल्याला वाटतं, त्यालाच आपण आधी पळवून लावतो.

"जबडा दाखवायला जाऊ म्हणून फसवून आणू का?" मावशींनी विचारलं. नको म्हटलं. झोपेचं विचारायला चल म्हणा, ते खोटं नाही. तो आला. पहिला अर्धा तास आम्ही फक्त झोपेवरच बोललो.

एकटा असताना त्याने सांगितलं, मित्रांची कॉन्ट्री काढून त्यानेच दोनदा माल आणून दिला होता. इथे माझं ज्ञान संपतं. हे वकिलाशी बोल, आणि आणणं आजपासून बंद, एवढंच म्हणाले. हे ऐकल्यावर माझ्याही पोटात गोळा आला होता, हे लपवत नाही.

गर्दच्या व्यसनाला ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे, तसं एमडीला नाही. झोपेची आणि संशयाची औषधं मानसोपचारतज्ज्ञांनी दिली. बाकी सगळी चिकाटी. तलफ पगाराच्या संध्याकाळी यायची, म्हणून पगार महिनाभर आईच्या खात्यात. पुडी मिळायची तो रिक्षास्टँड टाळायला पूर्वेकडून घरी. वडिलांना एकच काम: रात्री साडेनऊला त्याच्याबरोबर जेवायचं, उपदेश न करता. ते त्यांना सगळ्यात जड गेलं.

तिसऱ्या महिन्यात मावशींचा फोन आला, आवाज पडलेला. शनिवारी त्याने पुन्हा घेतली होती. "आता ती सूट गेली का हो?"

"मावशी, केसच नाही तर सूट कसली? सोमवारी पाठवा."

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी दुपारी दार उघडलं तर बाकावर तो बसलेला. शेजारी वडील, खाकी गणवेशातच, मांडीवर तिकिटांचं मशीन, नजर जमिनीकडे. "ड्युटी बदलून घेतली," एवढंच म्हणाले.