जपानी क्रौंचाचा टॅटू फक्त काळ्या-करड्या शाईत केला, तर लाल टोपीविना, म्हणजे डोक्यावरच्या लाल डागाविना, त्याचा अर्थ हरवतो का?

नाही, अर्थ हरवत नाही. जपानमध्ये 'क्रौंच हजार वर्षं, कासव दहा हजार वर्षं' अशी म्हणच आहे. दीर्घायुष्याचा हा संकेत पक्ष्याशी जोडलेला आहे, रंगाशी नाही. लाल टोपी नसली की खरा धोका वेगळाच: लोक त्याला बगळा समजतात. म्हणून आकार अचूक हवा. उडताना क्रौंच मान सरळ ताणतो, बगळा ती दुमडून घेतो. मान काळी ठेवा. आणि शेपूट काळी करू देऊ नका! उभ्या क्रौंचाची शेपूट काळी भासते, पण ती पिसं मिटलेल्या पंखांची असतात. खरी शेपूट पांढरीच. उडत्या क्रौंचात तो काळा रंग पंखांच्या मागच्या कडेला, अंगाजवळ दिसायला हवा. ही चूक जुन्या चित्रांतही आढळते.

एक अट मात्र आहे. या शैलीत काळी शाई पातळ करून करड्या छटा काढतात आणि पांढऱ्यासाठी बहुधा त्वचा कोरी सोडतात. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर ते पांढरं त्वचेच्याच रंगाचं दिसतं, त्यामुळे मागे गडद ढग किंवा लाटा घ्या, म्हणजे पक्षी उठून दिसेल.