कावीळ उतरते कशी?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे. माझ्या १४ वर्षांच्या मुलाला चार-पाच दिवस ताप व उलट्या झाल्या आणि मग डोळे पिवळे दिसू लागले. बेळगावात रक्त तपासले, तेव्हा बिलिरुबिन (रक्तातले पिवळे रंगद्रव्य) ८.४, एसजीपीटी (यकृताच्या पेशींची इजा दाखवणारी चाचणी) १,९०० आणि हिपॅटायटिस ए ची आयजीएम चाचणी (ताजा संसर्ग दाखवणारी) पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी विश्रांती सांगून घरी पाठवले. औषध जवळजवळ काहीच दिले नाही. सासूबाई माळ घालण्याचा आणि झाडपाल्याचे औषध देण्याचा आग्रह धरत आहेत. मी काय करावे?

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी औषध दिले नाही, याचा अर्थ त्यांनी उपचार केले नाहीत असा नाही. हिपॅटायटिस ए च्या विषाणूला मारणारे औषध आजवर उपलब्ध नाही आणि बहुतेक रुग्णांना त्याची गरजही पडत नाही. यकृताच्या पेशींत वाढणाऱ्या या विषाणूचा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच नायनाट करते. तो करताना काही पेशी मरतात, त्यामुळे एसजीपीटी हजारांत जाते, बिलिरुबिन रक्तात साठते आणि डोळे पिवळे होतात. पुढे यकृत नव्या पेशी तयार करते. बी आणि सी प्रकारच्या काविळीसारखा हा आजार वर्षानुवर्षे शरीरात दबा धरून बसत नाही. बहुतेक रुग्ण तीन महिन्यांत आणि उरलेले जवळजवळ सगळे सहा महिन्यांत पूर्ण बरे होतात. आपल्या मुलाचे आकडे छाती दडपावी असे दिसत असले, तरी या आजारात असे आकडे नेहमीच आढळतात.

माळेविषयी स्पष्टच लिहितो. ही माळ वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या सैल फासांत अडकवून केलेली असते. काड्या वाळल्या की आक्रसतात, फास सुटतात आणि डोक्यावर ठेवलेली माळ दिवसागणिक लांबत गळ्यात, मग पोटापर्यंत येते. ती कावीळ नसलेल्याच्या डोक्यावर ठेवली तरी तशीच लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, तो रंगही तळहातांतून निघालेल्या काविळीचा नसून हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसाचा चुन्याशी संयोग होऊन आलेला असतो. पितळी परातीतले ते पिवळे पाणी पाहून सुटकेचा निःश्वास टाकणारी आई मी पाहिली आहे, त्यामुळे या उपायावर हसण्याचे धाडस मला होत नाही. कावीळ दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरू लागते आणि त्याच सुमारास जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते, इतकेच. सासूबाईंच्या समाधानासाठी माळ घातली, तर मुलाचे काही बिघडणार नाही. पोटात मात्र अनोळखी काढा जाऊ देऊ नका. आधीच सुजलेल्या यकृताला तो पचवण्याचे काम नको. कोविडच्या साथीत, २०२० साली, गुळवेलीचे काढे घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी केली होती. आणि कोणी तापलेल्या सळईने डाग देण्याची भाषा केली, तर तिथून मुलाला घेऊन तडक उठावे.

तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेतच द्यावे. निमेसुलाइडसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून देऊ नयेत. सलाइन लावल्याने कावीळ लवकर उतरत नाही. मूल पाणीही पोटात ठेवू शकत नसेल, तेव्हाच सलाइनचा उपयोग होतो.

आता खरी काळजी कशाची करायची, ते सांगतो. डोळे किती पिवळे आहेत, यावरून धोका ठरत नाही. मुलगा दिवसा गुंगीत पडून राहतो आणि रात्री जागा असतो का, असंबद्ध बोलतो का, चिडचिड एकाएकी वाढली आहे का, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते का, उलट्या थांबतच नाहीत का, हे पाहा. यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या. रक्ताची चाचणी पुन्हा कराल तेव्हा प्रोथ्रोम्बिन टाइम अवश्य करून घ्या, कारण रक्त गोठवणारे घटक यकृतच तयार करते आणि ते काम थांबू लागल्याचे या चाचणीत सर्वांत आधी कळते. एसजीपीटी उतरली म्हणून निर्धास्त होऊ नये. ती उतरत असताना बिलिरुबिन आणि प्रोथ्रोम्बिन टाइम वाढत असतील, तर नष्ट व्हायलाही पेशी फारशा उरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो. यकृत असे निकामी होण्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. पन्नाशीपुढे आणि ज्यांचे यकृत आधीच दुबळे आहे त्यांच्यात ते वाढते.

जाता जाता, सरकारी दवाखान्याच्या कन्नड कागदावर ‘कामाले’ असा शब्द दिसला तर गोंधळू नका. ती आपली कावीळच आहे.

प्रश्न : घरात धाकटा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे. आजारी मुलाची ताट-वाटी वेगळी ठेवली आहे. तेवढे पुरे का? (वरील वाचकाचाच पुढील प्रश्न)

उत्तर : ताट-वाटी वेगळी ठेवण्यात चूक नाही, पण हा विषाणू प्रामुख्याने शौचावाटे बाहेर पडतो आणि हात, पाणी व अन्न यांतून दुसऱ्याच्या तोंडात जातो. म्हणून शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे याला ताटापेक्षा अधिक महत्त्व आहे. अडचण अशी की, डोळे पिवळे होण्याच्या आधीचे एक-दोन आठवडे विषाणू सर्वाधिक प्रमाणात बाहेर पडतो, म्हणजे आपण ताट वेगळे केले त्याच्या आधीच बराचसा प्रसार होऊन गेलेला असतो. कावीळ दिसल्यापासून निदान एक आठवडा मुलाला शाळेत पाठवू नये.

धाकट्याला लस द्यावी. शेवटच्या संपर्कानंतर १४ दिवसांच्या आत दिलेली लस आजार टाळू शकते, त्यामुळे हे काम याच आठवड्यात उरकावे. मृत विषाणूंच्या लसीचे दोन डोस सहा महिने किंवा अधिक अंतराने दिले जातात. दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूंची एका डोसची लसही आपल्याकडे मिळते, परंतु ती गरोदर स्त्रीला देत नाहीत. जाऊबाईंच्या लसीचा निर्णय त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी घ्यावा. त्यांच्याबाबत मला काळजी वाटते ती हिपॅटायटिस ई ची. तो अशाच दूषित पाण्यातून येतो आणि गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जिवावर बेतू शकतो. त्यांना उकळलेल्या पाण्याशिवाय दुसरे पाणी देऊ नये, आणि डोळे पिवळे दिसले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी तपासणी करावी.

प्रश्न : लहानपणी आम्ही वेदगंगेचे पाणी तसेच प्यायलो आणि काही झाले नाही. आता आमच्या गल्लीत नळाला शुद्ध केलेले पाणी येते, तरी कॉलेजची चार मुले काविळीने पडली. असे का? (एक सेवानिवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : आपल्याला काही झाले नाही, असे आपल्याला वाटते. सहा वर्षांखालील बहुतेक मुलांना या संसर्गात कावीळ होतच नाही. दोन दिवस ताप येतो, पोट बिघडते आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळून जाते. आपल्या पिढीला बहुधा ती नदीकाठीच मिळाली. आजच्या मुलांना बालपणी तुलनेने स्वच्छ पाणी मिळाल्यामुळे विषाणूशी त्यांची पहिली गाठ विशीत पडते, आणि त्या वयात दहांपैकी सात जणांना कावीळ होते.

राहिला प्रश्न नळाचा. पाणी शुद्धीकरण केंद्रातून शुद्ध निघाले, तरी आपल्या घागरीत पडेपर्यंत ते शुद्ध राहतेच असे नाही. दिवसाआड तासभर पाणी सोडले जाते, तेथे उरलेला वेळ नळ रिकामा असतो. गल्लीतली आपली जोडणी पाहा : अनेक ठिकाणी ती गटारीच्या तळातून आडवी गेलेली असते आणि सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते. पाणी बंद होताच नळातील दाब उतरतो आणि त्या सांध्यातून गटारीतले पाणी आत ओढले जाते. पाणी आल्याबरोबर आपण मोटर लावतो, तीही हेच ओढण्याचे काम करते. बेळगाव शहराच्या काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यात सोय आहेच, शिवाय नळ सतत भरलेला राहिल्याने बाहेरची घाण आत शिरायला वाव कमी मिळतो.

आपल्यासारख्या शिक्षकांच्या शब्दाला गल्लीत वजन असते. चारही घरांची जोडणी एकाच वाहिनीवर आहे का, हे वहीत मांडून तो नकाशा नगरपालिकेला आणि आरोग्य खात्याला द्यावा. संसर्गापासून लक्षणांपर्यंत दोन ते सात आठवडे, सरासरी चार आठवडे जातात. म्हणून चौकशी गेल्या महिन्यात काय घडले याची करावी. दुरुस्ती होईपर्यंत पाणी खळखळून उकळू द्यावे, नुसते कोमट करू नये.

प्रश्न : काविळीत तेल, हळद पूर्ण बंद आणि उसाचा रस भरपूर, हे बरोबर आहे का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : हळदीने डोळे पिवळे होत नाहीत आणि तेल पूर्ण तोडण्याचीही गरज नाही. मळमळ असेपर्यंत रुग्णाला जे रुचेल ते थोडे थोडे द्यावे : मऊ भात, वरण, आंबील, फळे. सकाळी भूक बरी असते, तेव्हा भाकरी-आमटी खुशाल द्या. पाहुण्यांनी आणलेला कुंदा (दुधाची मिठाई) आठवडाभर उशिरा खाल्ला तरी चालेल. दारू मात्र पूर्ण बंद, आणि यकृताच्या चाचण्या सामान्य होईपर्यंत बंदच.

उसाच्या रसाने साखर मिळते, यकृत धुऊन निघत नाही. आपल्याकडे ऊस मुबलक आहे, पण गाड्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी पाहा. तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हे गाडीवाल्यालाही ठाऊक नसते, आणि गोठल्याने हा विषाणू मरत नाही. रस हवाच असेल, तर स्वच्छ धुतलेल्या उसाचा, बिनबर्फाचा घ्यावा.