घरी राहून बाळ सांभाळणाऱ्या नवीन आईने इतर आयांशी मैत्री कशी करावी?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगी ११ महिन्यांची, नोकरी सोडलेली, नागपूरहून पुण्यातल्या वाकडला नुकतंच बिऱ्हाड हलवलंय, नवरा सकाळी ९ला जातो तो रात्री ८ला येतो, आणि एवढ्या मोठ्या सोसायटीत बोलायला कुणी नाही. मी लहान मुलांचा प्लेग्रुप चालवते, त्यामुळे अशा आयांच्या ओळखी कुठे जुळतात आणि कुठे फिसकटतात ते रोज समोर दिसतं. त्यावरून सांगते.

संध्याकाळी खाली उतरलात तर बाळांबरोबर दिसतात ते आजी-आजोबा आणि सांभाळणाऱ्या मावश्या. आया दिसतच नाहीत, म्हणून सोसायटीत आपल्यासारखं कुणी नाही असं वाटायला लागतं. पण नोकरी करणाऱ्या आया सातनंतर किंवा शनिवार-रविवारी सकाळी उतरतात आणि घरी असणाऱ्या आपापल्या बाळाच्या झोपेप्रमाणे कधीही. एक साडेनऊला येऊन जाते, दुसरी साडेअकराला. दोघी एकाच विंगमध्ये राहून वर्षभर एकमेकींना भेटत नाहीत. म्हणून पहिलं काम मैत्रीण शोधण्याचं नाही, वेळ ठरवण्याचं आहे. ११ महिन्यांचं बाळ बहुतेक दिवसातून दोनदा झोपतं. दुपारची झोप झाल्यावर साडेपाच ते साडेसहा ही वेळ पुण्यात जवळजवळ वर्षभर चालते. उन्हाळ्यात त्याआधी घसरगुंडीला हात लाववत नाही. आठवड्यातले चार दिवस, तीच वेळ, तीच जागा. बाकावर बसू नका, गवतावर सतरंजी टाका. बाकावरच्या बाईजवळ येऊन बसायला लोक बिचकतात. सतरंजीवर रांगणारं बाळ असलं की दुसरं बाळ आपणहून तिकडे वळतं आणि त्याच्या मागे त्याला आणणारं माणूस येतं.

ते माणूस आजी असेल तर निराश होऊ नका. आजींना सगळ्या विंगची खबर असते. कुणाकडे कोणत्या वयाचं बाळ आहे, कोण घरी असतं, कोण पुढच्या महिन्यात परत कामावर जाणार आहे, हे दोन संध्याकाळींत कळतं. आजींना सरळ म्हणा, "काकू, तुमच्या सूनबाई रविवारी खाली येतात का? मला त्यांना भेटायला आवडेल." निरोप पोचतोच. सांभाळणाऱ्या मावशींशीही बोला, फक्त त्यांच्या मालकिणीबद्दल काही विचारू नका. ते उलटून येतं आणि त्रास मावशींना होतो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "बाळांची प्लेडेट करायची का?" असं टाकलंत तर पाच-सहा अंगठे येतील आणि प्रत्यक्षात कुणी येणार नाही, कारण त्या प्रश्नात कुणालाच काही करायचं नसतं. त्याऐवजी असं लिहा: "नमस्कार, मी बी विंगमध्ये नवीन आहे. मुलगी ११ महिन्यांची. सोमवार ते गुरुवार संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा आम्ही क्लब हाउससमोरच्या गवतावर असतो. ८ ते १८ महिन्यांचं बाळ घेऊन कुणी येत असेल तर भेटू या." यात उत्तर द्यायची गरज नसते, नुसतं यायचं असतं. वाकड-हिंजवडीच्या पट्ट्यातल्या सोसायट्यांत निम्मं बोलणं हिंदीत चालतं, तेव्हा मजकूर दोन्ही भाषांत टाका. मुलीचा फोटो आणि फ्लॅट नंबर त्या मोठ्या ग्रुपवर नको.

पहिल्या भेटीत आया एकमेकींना मुलांच्या नावाने ओळखतात: अमक्याची आई, तमकीची मम्मा. तुम्ही तिचं स्वतःचं नाव विचारा आणि घरी गेल्यावर फोनमध्ये त्याच नावाने साठवा. "आधी काय करत होतीस?" हा प्रश्न मात्र पहिल्या दिवशी टाळलेला बरा. नोकरी सोडलेल्या बाईला तो टोचतो, कधीच न केलेल्या बाईला त्याहून जास्त. "दुपारी झोपते का गं ही?" यावर कुणीही पाच मिनिटं बोलू शकतं. अहो-जाहोवरून अगं-तुगंवर यायची घाई तुम्ही करू नका. समोरची मोठी असेल तर तिला येऊ द्या.

तीन-चारदा भेट झाली की फोन नंबर घ्या. बहुतेकींचं इथेच अडतं. खाली गप्पा होतात, हसणं होतं, पण "घरी ये" कुणी म्हणत नाही, कारण घर पसरलेलं असतं. म्हणणारी तुम्ही व्हा, आणि बोलावणं लहान ठेवा. तुम्ही धरून तिघी, जास्त नाही. खोलीत चार रांगती बाळं असली की आयांचं एकही वाक्य पुरं होत नाही. वेळ सकाळची झोप झाल्यावर, समजा ११ ते साडेबारा, आणि संपायची वेळ बोलावतानाच सांगा. "साडेबाराला हिला भरवायचं असतं" म्हटलं की पाहुणीला उठायला संकोच होत नाही आणि तुम्हालाही कंटाळलेलं बाळ कडेवर घेऊन हसत बसावं लागत नाही.

खाणं: चहा आणि एकच पदार्थ. पोहे किंवा उपमा, दोन्ही नाही. इथे आपल्याकडच्या बायका हमखास घसरतात. पहिली ढोकळा आणि शिरा करते, दुसरी त्यावर पावभाजी, आणि तिसरी तिचा नंबर येतो त्या आठवड्यात आजारी पडते. गट जेवणावळीने मोडतो. बाळांसाठी केळं किंवा उकडलेलं रताळं कुस्करून ठेवा, पण दुसऱ्याच्या बाळाला काहीही देण्याआधी त्याच्या आईला विचारा, बिस्किटसुद्धा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो. शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं अख्खी हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात. मुलीचं सगळ्यात लाडकं खेळणं आधीच कपाटात टाका. स्टीलच्या वाट्या, झाकणं, रिकामे डबे एकसारखे सहा-सात मांडले तर भांडण कमी होतं.

बाळं एकमेकांशी खेळत नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दोन वर्षांच्या आत मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात, ते वयच तसं आहे. ओरबाडणं, चावणं होणारच. ज्याला चावलं त्या बाळाला आधी घ्या, थंड पाण्याचा हात लावा, आणि चावणारं बाळ तुमचं असेल तर माफी तुम्ही मागा. दुसऱ्याच्या मुलाला रागावायचं नाही, हा नियम तिघींनी पहिल्याच दिवशी हसत हसत बोलून ठेवा. नंतर सांगायला गेलं की तो टोमणा होतो.

दुसरा नियम आजारपणाचा. ताप उतरून २४ तास झाल्याशिवाय यायचं नाही. पावसाळ्यात हँड-फूट-माउथची साथ येते. तळहात, तळपाय, तोंडात फोड दिसले तर ते सुकेपर्यंत घरी, साधारण आठवडाभर. आणि आयत्या वेळी "आज नाही जमत" एवढा निरोप पुरेसा, कारण विचारायचं नाही. लहान मुलांच्या घरात बेत रद्द होणं हे नेहमीचं आहे, पण हे आधी बोललेलं नसलं की तिसऱ्यांदा रद्द झालं की मनात काहीतरी धरलं जातं.

बोलण्यात सगळ्यात जास्त बिघडतं ते तुलनेने. "अगंबाई, अजून चालत नाही?" या एका वाक्याने जमलेला गट फुटलेला मी पाहिला आहे. आधाराशिवाय चालायला लागण्याचा जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला पल्ला साधारण ८ ते १८ महिन्यांचा आहे. म्हणजे एक मूल दुसऱ्याच्या दहा महिने मागे असूनही दोघं ठीक असू शकतात. कुणी विचारलंच तर "वेळ आहे अजून" म्हणून विषय बदला, आणि स्वतः विचारू नका. वजन, दात, वरचं दूध की अंगावरचं, सी-सेक्शन की नॉर्मल, या गोष्टी समोरचीने काढल्या तरच. सासूबाईंबद्दलच्या तक्रारी पहिला महिनाभर पोटात ठेवा. सोसायटीत लिफ्ट एकच असते. आणि कुणी फारच लवकर जीव लावून "तुझ्यासारखीला घरबसल्या कमाईचं एक सांगायचं होतं" म्हणाली तर ओळख ठेवा, पैसे देऊ नका.

दिवाळीनंतर एक सोपी संधी आहे: बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, आणि तुमच्या मुलीचं पहिलं असेल तर बोलवायला कारण शोधावं लागत नाही. एकटीचं करू नका, चार-पाच बाळांचं एकत्र करा. क्लब हाउस किंवा गच्ची हवी असेल तर ऑफिसमध्ये आठवडाभर आधी विचारा, काही ठिकाणी भाडं आणि अनामत असते. पाच बाळांना अर्धा किलो चुरमुरे भरपूर होतात. बोरं, हलवा, गोळ्या, उसाचे करवे परंपरेने डोक्यावरून ओततात, पण तीन वर्षांखालची मुलं जे हाताला लागेल ते तोंडात घालतात. तेव्हा बाळांवर चुरमुरे आणि रंगीत कागदी फुलं ओता, बाकीचा खाऊ मोठ्या भावंडांना वेगळा वाटा. खाली जुनी चादर अंथरली की चार टोकं उचलून आवरणं पाच मिनिटांचं. हलव्याचे दागिने घातलेत तर फोटो होताच उतरवा, दोरा गळ्यात राहू देऊ नका. आणि निमंत्रणावर हळदी-कुंकू न लिहिता तिळगूळ लिहा. एकटी आई, विधवा बाई, दुसऱ्या धर्माची शेजारीण, सगळ्या मोकळेपणाने येतात. नाहीतर नेमकी जिला सोबतीची जास्त गरज तीच घरी राहते. नवरात्रातला भोंडलाही याच कामाचा, फक्त तिथे बायका बऱ्याच असतात आणि नवी बाई फेर धरून गाणी म्हणून ओळख न होताच घरी परतते. खिरापत तुम्ही नेलीत तर तेवढी ओळखण्याच्या निमित्ताने नाव विचारलं जातं.

सोसायटीबाहेर बघायचं तर बालरोगतज्ज्ञांकडची लसीकरणाची वेळ चांगली. लशींचं वेळापत्रक वयावर असल्याने तिथे तुमच्याच बाळाच्या वयाची बाळं भेटतात. बोलायचं ते सुई टोचण्याआधी, नंतर कुणाला काही ऐकू येत नाही. जी आई सोसायटीत नाही, वाड्यात, चाळीत किंवा गावी आहे, तिच्यासाठी अंगणवाडी हीच जागा; ६ महिन्यांपासूनच्या मुलांची नोंद होते, वजनाच्या दिवशी आसपासच्या आया एकत्र येतात. कमला नेहरू पार्क, संभाजी बाग यांसारख्या पुण्यातल्या जुन्या बागा छान आहेत, पण वाकडहून तिथे रोज जाणं होणार नाही, आणि रोज न दिसणारी माणसं ओळखीचीच राहतात.

तीन-चार वर्षांच्या मुलांच्या आयांनाही धरून ठेवा. आपल्या राज्यात नर्सरीला ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण लागतात आणि बऱ्याच खासगी शाळांचे अर्ज दिवाळीच्या आसपासच निघतात. कुठल्या शाळेत काय चालतं ते त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. नोकरी करणाऱ्या आईला रविवारी सकाळी पाऊण तास बोलवा, नवऱ्यासकट. दोघींच्या नवऱ्यांची एकदा ओळख झाली की "रोज रोज काय जायचं असतं तिकडे" हा प्रश्न घरात उठत नाही.

ओळख खरी मुरते ती कामं वाटून घ्यायला लागल्यावर. आधी दोघी एकाच घरात असताना एकीने आत जाऊन डोक्यावरून नीट आंघोळ करावी, वीस मिनिटं. ते जमलं की अर्धा तास भाजी आणायला. पिशवीत डायपर, दुपटं, पाणी, बाळाला काय चालत नाही ते आणि डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून. दोघींचा हिशेब साधारण सारखा राहू द्या. एकच बाई सारखी सांभाळत राहिली की ती काही बोलत नाही, फक्त फोन उचलेनाशी होते.

एक वेगळी गोष्ट. कुणी भेटलं तरी बरं वाटत नाही, बाळ झोपलेलं असताना झोप लागत नाही, रडू येतं किंवा बाळाबद्दल काहीच वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते एकटेपणाच्या पलीकडचं आहे. मैत्रिणी जमेपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

जमलेला गट मूल दीड वर्षाचं होता होता मोडतो, हेही आधीच माहीत असू द्या. दोन झोपांची एक होते, प्रत्येकीची वेगळ्या महिन्यात, आणि सकाळचे अकरा कुणालाच जमेनासे होतात. भांडण वगैरे काही नसतं. तेव्हा सगळ्यांनी बसून वेळ नव्याने ठरवायची, बहुधा साडेचारनंतरची. आणि तुमची इमारत नवी, निम्मी रिकामी असेल, सहा आठवडे सतरंजी टाकूनही कुणी आलं नसेल, तर शेजारच्या भरलेल्या सोसायटीतली एखादी आई गाठा आणि तिला गेटच्या अ‍ॅपवर तुमचं नाव नेहमीच्या पाहुण्यांत घालायला सांगा. दर वेळी कडेवर बाळ घेऊन वॉचमनपाशी फोन लागायची वाट बघावी लागली तर चौथ्या दिवशी तुम्हीच जाणार नाही.