आजोबांची फियाट, हरवलेल्या किल्ल्या आणि 38,000 चं कोटेशन

देवगडजवळच्या एका आंबा बागायतदाराने विचारलंय. आजोबांची 1970 ची फियाट 1100 मांगरात (बागेतल्या शेडमध्ये) उभी आहे, आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले, किल्ल्यांचा जुडगा काही केल्या सापडत नाही. गॅरेजवाला म्हणतो इग्निशन, दरवाजा, डिकी तिन्ही कुलपं काढून नवीन सेट बसवू, हँडलंपण नवीन, वर दरवाज्यांना रंगाचा हात, सगळे मिळून 38,000. त्यासाठी एफडी मोडू का, गाडीची किंमत पुढे वाढेलच ना?

एफडी मोडू नका. आणि गॅरेजवाल्याला अजून होपण म्हणू नका.

आधी कुलपाचं बघू, कारण खरी बचत तिथेच आहे. तुमच्या गाडीच्या किल्लीत ना चिप ना इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा), आताच्या गाड्यांची किल्ली हरवली की जे हजारो रुपये जातात ते त्या चिपचे आणि प्रोग्रॅमिंगचे असतात. तुमच्या कुलपात आत पितळेच्या बारीक पट्ट्या आहेत, प्रत्येकीला एक छोटी स्प्रिंग, किल्लीच्या खाचा बरोबर आल्या की पट्ट्या एका रेषेत येतात आणि बॅरल, म्हणजे किल्ली घालतो तो कुलपाचा गोल भाग, फिरतो, बास एवढंच. मुरलेला किल्लीवाला कोरी किल्ली आत घालतो, जोर देऊन हलवतो, बाहेर काढून उजेडात धरतो, जिथे बारीक खूण उमटली तिथे कानस मारतो, परत घालतो, असं करत करत किल्ली बनते. किंवा बॅरलच काढून पट्ट्या बघून किल्ली कापतो. काही बॅरलवर नंबर कोरलेला असतो, असला तर काम आणखी सोपं. खाऱ्या वाऱ्याने कुलूप मेलंय असं वाटतं खरं, पण बऱ्याचदा ते नुसतं जाम असतं, डब्ल्यूडी-फॉर्टीचा (जाम सुटायचा) स्प्रे मारून एक रात्र ठेवा आणि मग बघा.

रत्नागिरी-कोल्हापूरहून माणूस बोलावलात तर त्याचं येण्याजाण्याचं धरूनही हे काम 38,000 च्या आसपास जायचं नाही. नाहीतर बॅरल काढून घ्या आणि कोणी मुंबईला जाणार असेल त्याच्याकडे द्या, खिशात मावतो. एखादं कुलूप खरंच गेलेलं निघालं तर तेवढंच बदला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने स्पेअर्स मिळतात, पद्मिनी (याच फियाटची नंतरची आवृत्ती) टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या त्यामुळे तो माल आता दिवसेंदिवस कमीच होणार, पण पद्मिनीचं कुलूप तुमच्या 1100 ला बसेलच असं धरून पैसे देऊ नका, सॅम्पल सोबत असू दे. आणि जुनी काढलेली कुलपं, हँडलं गॅरेजवाल्याकडे सोडायची नाहीत, पुढे गाडी घेणारा शौकीन माणूस ओरिजिनल काय काय आहे तेच आधी विचारतो.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीये ते. गाडी कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्याच असणार. म्हणजे आज तुम्ही जो रुपया घालाल तो कायद्याने तुमच्या नसलेल्या गाडीत. मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करायची असा नियम आहे, तुमची मुदत कधीच गेली, दंड भरून होतं पण काका, आत्या सगळ्यांची संमती लागेल. आज गाडी भंगार आहे म्हणून सही पटकन मिळेल हो, चकचकीत होऊन अंगणात उभी राहिली की प्रत्येकाला आजोबांची आठवण येणार. चांगला किल्लीवाला पण आरसी बघितल्याशिवाय हात लावत नाही, लावूही नये.

विंटेज नोंदणीचं कोणीतरी डोक्यात घालेल. 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीला ती मिळते, फी 20,000, मुदत 10 वर्षं, पण मग गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. तुम्हाला रविवारी कुणकेश्वरला फेरी मारायची असेल तर ती तुमच्या कामाची नाही, नोंदणीचं साधं रिन्यूअलच बघा.

किंमत वाढेल का? वाढेलही, पण मी तिला गुंतवणूक धरणार नाही. स्वतःच्या वापराची गाडी विकून नफा झाला तर कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही हे खरं, पण पत्रे, टायर, वायरिंग, इन्शुरन्स यात दरवर्षी जे जातं त्याचा हिशोब कोणी ठेवतच नाही. तुमचे पैसे येतात एप्रिल-मेमध्ये आणि मोहोराच्या वेळी फवारणीला जातात, ती एफडी म्हणजे फवारणीचेच पैसे असतील तर विषयच संपला. हौसेसाठी थोडे वेगळे पैसे काढा, आरटीओची फी आधी विचारून घ्या, त्यात किल्ल्या आणि आरटीओचं काम बसवा, रंगाचं पुढच्या सीझननंतर.

गॅरेजवाल्याला मात्र आजच फोन करा, दरवाजा उघडायला स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही म्हणावं, बॅरल फुटला की मग किल्ली बनवायला काही उरतच नाही आणि त्याचं कोटेशन आपोआप खरं ठरतं.