माझ्या भावाला वाशी खाडीत साप चिंबोरीचे तुकडे करून खाताना दिसला. साप तर भक्ष्य अख्खं गिळतो ना?

तुमच्या भावाने जे सांगितलं ते घडू शकतं, त्याला खोटं पाडू नका. साप अख्खं गिळतात हे जवळजवळ सगळ्या सापांबाबत खरंच आहे. त्यांचे दात बारीक, टोकदार आणि मागे वळलेले. भक्ष्य धरून ठेवायला उत्तम, कापायला निरुपयोगी. पण कांदळवनांत राहणारी गेरार्डा नावाची सापांची एक प्रजाती (genus) याला अपवाद आहे. भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या किनाऱ्यांवर ती आढळते आणि तिच्यात जाती एकच, गेरार्डा प्रेव्होस्टियाना.

हा साप नुकतंच कवच टाकलेला मऊ खेकडा गाठतो. खेकडा तोंडात पकडायचा, स्वतःच्याच अंगाचा वेढा त्याच्याभोवती घालायचा आणि त्या वेढ्यातून तो ओढून काढायचा. या ओढाताणीत खेकडा फाटतो, पाय सुटे होतात आणि जबड्यात कधीच मावला नसता असा खेकडा तुकड्यातुकड्याने पोटात जातो! ब्रूस जेन, हॅरल्ड व्होरिस आणि पीटर एंग (Ng) या संशोधकांनी 2002 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं. मला यात सर्वांत थक्क करते ती वेळ. कवच टाकल्यावर खेकडा थोडाच काळ मऊ असतो, त्यामुळे रात्रीच्या अंधारात, चिखलातल्या बिळांमधून नेमका तसाच खेकडा हुडकावा लागतो.

फोटो नसल्याने तुमचा साप हाच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. खवले गुळगुळीत, पाठ नक्षीविना राखाडी-तपकिरी, पोट फिकट, लांबी साधारण अर्धा मीटर असेल तर गेरार्डा असण्याची शक्यता आहे. मी ऐरोलीत राहतो. आमच्याकडे ओहोटीला दिसतो तो बहुतेक वेळा श्वानमुखी साप. त्याचे खवले खरखरीत, अंगावर गडद आडवे पट्टे आणि खाणं मुख्यतः मासे.

गेरार्डाचे विषदात मागच्या बाजूला असतात, विष सौम्य, माणसाला त्याचा धोका नाही. मात्र शेपटी वल्ह्यासारखी चपटी दिसली तर तो समुद्रसाप, अतिशय विषारी. ताबडतोब लांब व्हा.

भाऊ पुन्हा गेला तर लांबूनच फोटो काढू दे, सापाला काठीने ढोसू नका. आणि डेब्रिजचा भराव पडलेल्या कडेला शोधण्यात अर्थ नाही. तिथली चिंबोऱ्यांची बिळंच बुजलेली असतात, मग हा साप तिथे काय खाणार?