ग्राफ २५ अंशांवरच शून्याला का टेकला?

प्रश्न: सर, प्रॅक्टिकलला कॉन्स्टंट व्हॉल्यूम गॅस थर्मामीटर होता (बल्बमधल्या गॅसची जागा तेवढीच ठेवून त्याच्या दाबावरून तापमान मोजायचं उपकरण). बल्ब बर्फात ठेवला तेव्हा उघड्या नळीतला पारा खुणेच्या ६.३ सेंमी खाली होता, उकळत्या पाण्यात १८.९ सेंमी वर, मधे कोमट पाण्याची रीडिंग पण घेतली. ग्राफ मस्त सरळ आला पण रेषा शून्याला टेकते २५ अंशांवर! पुस्तकात तर −२७३ आहे. आणि तसंही −२७३ च्या खूप आधीच हवा द्रव होते, मग रेषा तिथपर्यंत ओढणं म्हणजे अंदाजपंचेच झालं ना?

उत्तर: तुझी रीडिंग चांगली आहेत, फेकू नकोस. तू जो आकडा घेतलास तो गॅसचा दाब नाहीये, तो गॅसचा दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब यातला फरक आहे. नळीचं दुसरं टोक उघडं असतं ना, तिथून वातावरण पाऱ्यावर दाबत असतं. २५ अंशांना फरक शून्य झाला याचा अर्थ एवढाच की त्या तापमानाला आतला आणि बाहेरचा दाब सारखा होता, म्हणजे बहुतेक बल्ब भरून बंद केला तेव्हा खोलीचं तापमान तेवढंच असणार.

आता बॅरोमीटरचं, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाचं, रीडिंग मिळव. ७६ सेंमी धरू. बर्फात ७६ वजा ६.३ म्हणजे ६९.७, उकळत्या पाण्यात ७६ अधिक १८.९ म्हणजे ९४.९. शंभर अंशांत २५.२ सेंमी वाढ, म्हणजे दर अंशाला ०.२५२. आता ६९.७ ला ०.२५२ ने भाग, येतं साधारण २७७. म्हणजे तुझी रेषा −२७७ ला टेकते, आणि प्रॅक्टिकलच्या साध्या उपकरणावर हे खरंच छान आहे!

उरलेले चार अंश कुठून आले तेही बघ. बल्ब आणि पारा यांच्यामधे जी बारीक केशनलिका असते तिच्यातला गॅस ना बर्फात असतो ना उकळत्या पाण्यात, तो खोलीच्याच तापमानाला राहतो. याला डेड स्पेस म्हणतात. शिवाय काचेचा बल्ब तापून किंचित फुगतो. दोन्हीमुळे दाब हवा तेवढा वाढत नाही, स्लोप कमी पडतो आणि रेषा −२७३ च्या पलीकडे जाते.

प्रत्येक वेळी पारा खुणेवर आणायची कटकट पण यासाठीच. गॅस तापला की तो पाऱ्याला खाली ढकलून स्वतःला जागा करून घेतो, ती जागा आपण पाऱ्याची उघडी नळी वर उचलून परत काढून घेतो. जागा तेवढीच राहिली की वेग वाढलेले रेणू भिंतीवर जास्त जोरात आदळतात आणि जास्त वेळा पण आदळतात, वेग दोन्हीकडून मोजला जातो, म्हणून दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि तो वर्ग म्हणजेच तापमानाचं माप. दाब आणि केल्व्हिनमधलं (−२७३ ला शून्य धरून मोजलेलं) तापमान एकाच प्रमाणात वाढतात ते म्हणूनच.

आता अंदाजपंचेबद्दल. तुझी शंका एकदम रास्त आहे, नायट्रोजन −१९६ लाच द्रव होतो. पण ती रेषा तिथल्या गॅसबद्दल काही सांगतच नाही, ती आपण मोजलेल्या भागातल्या गॅसची वागणूक आहे आणि तिचा शून्य कुठे पडतो एवढंच बघायचं. १७०२ च्या सुमारास गियोम आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हवेच्या दाबावरून असाच विचार केला होता की थंडीला कुठेतरी तळ असणार. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती पुढची. बल्बमधून थोडा गॅस काढ, परत मोज, अजून काढ, परत मोज. सुरुवातीला हायड्रोजन एक सांगतो, नायट्रोजन थोडं वेगळं, पण गॅस जितका विरळ तितके सगळे जवळ येतात, उकळत्या पाण्यासाठी सगळे ३७३.१२ केल्व्हिनच्या आसपास येऊन भेटतात. रेणू एकमेकांपासून इतके लांब गेले की गॅस कुठला हे महत्त्वाचं राहत नाही.

म्हणूनच १८८७ मधे हायड्रोजनचा असा थर्मामीटर तापमानाचं प्रमाण म्हणून घेतला गेला, आणि १९५४ मधे पाण्याच्या ट्रिपल पॉइंटला (जिथे बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र टिकतात) २७३.१६ केल्व्हिन ठरवलं. मग एकच ठरलेला बिंदू पुरतो. तिथला दाब मोजायचा, हव्या त्या ठिकाणचा मोजायचा, भागाकार करून २७३.१६ ने गुणायचं. २०१९ पासून केल्व्हिनची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकावरून (तापमान आणि रेणूंची ऊर्जा यांना जोडणारा ठरलेला आकडा) होते, पण गुणोत्तराचा हा हिशोब तोच.

परत करशील तेव्हा एक नक्की सांभाळ. गरम बल्ब बर्फात घालायच्या आधी पाऱ्याची नळी चांगली खाली घे, कारण गॅस आकसला की पारा केशनलिकेतून वर चढून थेट बल्बमधे जातो, आणि एकदा गेला की अख्खं उपकरण उतरवून परत भरावं लागतं.